जेल रोडला लॅपटॉप नेण्याआधी

रात्री लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट झालं आणि सकाळी पोह्यांच्या वेळेला वाय-फाय रांगायला लागलं, एवढ्यावरून अपडेटवर आळ घेऊ नका. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी मी तो घेतला आणि अख्खी संध्याकाळ घालवली. म्हणून जेल रोडच्या दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी, आणि सेटिंगला हात लावण्याआधीही, काय काय जमवायचं, ते इथे लिहितोय.

आधी कागद-पेन. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडून तीन गोष्टी टिपा: ड्रायव्हरची (वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झ) आणि लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला वेग, एमबीपीएसमध्ये). फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, वेगळं शोधत बसू नका. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत वायरलेस कार्डाचं फर्मवेअर ड्रायव्हरच्या पोटातच येतं, आणि जुना ड्रायव्हर बसवला की तेही मागे जातं. लिनक्सवर ते वेगळ्या पॅकेजात असतं, तिथे दोन्हींच्या आवृत्त्या टिपा.

आता लिंक स्पीडच्या आकड्याकडे नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. बँड २.४ गिगाहर्ट्झ आणि स्पीड ७२ किंवा १४४ असेल, तर कार्ड ठणठणीत आहे, फक्त गर्दीच्या गल्लीत शिरलंय. राउटरवर दोन्ही बँडांचं नाव एकच असलं की कुठे जोडायचं ते लॅपटॉप स्वतः ठरवतो, आणि नव्या ड्रायव्हरची आवड जुन्यापेक्षा वेगळी असू शकते. माझ्याकडे हेच झालं होतं. दोन बँडांना दोन नावं दिली आणि भांडण मिटलं. ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, दोन अँटेनांचं वाय-फाय ५ कार्ड ८६६ दाखवतं. तिथे ४३३ दिसलं तर दोनांतली एकच अँटेना काम करतेय असा संशय घ्या. आकडा ५४ वर अडकला असेल, तर राउटरच्या सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत चालू आहे का ते बघा. ती असली की कार्ड नवे वेग वापरतच नाही.

लिंक स्पीड म्हणजे इंटरनेटचा वेग नव्हे, हेही आधीच डोक्यात ठेवा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीनेच उतरणार. आमच्या वहिनींशी यावरून माझा दोनदा वाद झालाय.

राउटरला थेट जोडायला लॅन केबल कुणाकडून तरी मागून आणा. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टरही. केबलवरही नेट रडत असेल, तर लॅपटॉपचं वाय-फाय बहुधा निर्दोष आहे. नेटवाल्याला फोन करा आणि पुढचं वाचू नका.

परतीची वाट मात्र आधी बांधून ठेवायची. एकदा मी उत्साहात ड्रायव्हर काढून टाकला आणि वाय-फायच गायब झालं. नवा ड्रायव्हर उतरवायचा तर नेट हवं, आणि नेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही! म्हणून कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक’ बटण चालेलच असं धरू नका. जुना ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते फिकट पडलेलं असतं. फोनची डेटा केबल जवळ ठेवा, अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग (केबलवरून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) अशा वेळी जीव वाचवतं. वाय-फायचे पासवर्ड लिहून घ्या, कारण ‘नेटवर्क रीसेट’ ते सगळे पुसतो. बायोसही (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणार असाल, तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की आधी हाताशी असू द्या.

वेगाची मोजणी एकाच खुर्चीवरून, एकाच वेळेला, तीनदा. रात्री नऊला सगळी बिल्डिंग व्हिडिओ बघत असते, तेव्हाचा आकडा दुपारच्या आकड्याशी लावू नका. चार्जर लावा, बॅटरीवर कार्ड वीज वाचवायला आळशी होतं. ब्लूटूथचे इअरफोन, यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि मायक्रोवेव्ह बंद ठेवा, तिघंही २.४ मध्ये लुडबुड करतात. मग एका वेळी एकच बदल, रीस्टार्ट, पुन्हा तीन आकडे.

जुन्या ड्रायव्हरने वेग परत आला, तर आळ खरा. मग विंडोजचे अपडेट थांबवून ठेवा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. नाहीतर तोच पाहुणा पुन्हा दारात.

एवढं करूनही जेल रोडला जावंच लागलं तर कागद सोबत न्या. काउंटरवरचा पोरगा लॅपटॉप न उघडताच म्हणेल, “भिया, विंडोज मार देते हैं,” म्हणजे विंडोज नव्याने टाकतो. त्याला ४३३ चा आकडा दाखवा, आणि आधी खालचं झाकण उघडून कार्डावरच्या दोन्ही अँटेनांच्या वायरी जागेवर आहेत का ते बघायला लावा.