सावलीसाठी रेड मेपल: आधी ओळख, मग लागवड

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यूफाउंडलंडपासून फ्लोरिडापर्यंत, रेड मेपल (शास्त्रीय नाव एसर रुब्रम) हे मूळचं झाड आहे. अंगणातल्या सावलीसाठी तिथे ते लावावंच. अडचण एवढीच की युरोपातून आलेला नॉर्वे मेपलही तिथे जागोजागी दिसतो. त्याच्या गर्द सावलीत गवतही धड वाढत नाही आणि त्याचं बी जवळच्या जंगलात शिरून मूळच्या झाडांची जागा घेतं.

ओळखायची खूण सोपी आहे. उन्हाळ्यात एक पान देठासकट खुडा आणि देठाचं तुटलेलं टोक दाबा. पांढरा चीक आला तर नॉर्वे मेपल, पाण्यासारखा रस आला तर नाही. पानांच्या रंगावर मात्र जाऊ नका. 'क्रिमसन किंग' ही नॉर्वे मेपलचीच जात उन्हाळाभर जांभळट-लाल असते आणि अनेकजण तिलाच रेड मेपल समजतात. खऱ्या रेड मेपलची पानं उन्हाळ्यात हिरवी असतात. लाल असतात ते सहसा देठ, कळ्या आणि पालवीआधी येणारी फुलं.

मेपलची पानं फांदीवर समोरासमोर येतात. रेड मेपलच्या पानाची कड बारीक दातेरी असते आणि दोन पाळ्यांमधली खाच टोकदार असते. शुगर मेपलची कड मधूनमधून गुळगुळीत, खाच गोलसर आणि कळी तपकिरी, अणकुचीदार असते. सिल्व्हर मेपलच्या पानाची कातर फार खोल जाते, शिवाय त्याची डहाळी खरवडली की घाणेरडा वास येतो.

बियांपासून रोप करायचं असेल तर पंखवाली फळं वसंताच्या अखेरीस पिकतात. ती वाळू न देता लगेच, जेमतेम 1 सेंटीमीटर खोल पेरा. शुगर मेपलच्या बियांना ओल्या वाळूत दोन-तीन महिने थंडी द्यावी लागते, तशी यांना लागत नाही. बी जवळपासच्याच झाडाचं घ्या. दक्षिणेकडच्या बियांची झाडं उत्तरेच्या थंडीत टिकत नाहीत.

रोप लावावं पानगळीनंतर जमीन गोठण्याआधी, किंवा वसंतात कळ्या फुटण्याआधी. घरापासून निदान 6 मीटर अंतर ठेवा. मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे फरशीजवळ लावलं तर फरशी उचलली जाते.

सर्वांत जास्त झाडं मरतात ती खोल लावल्यामुळे. खोड खाली जिथे रुंदावून मुळं फुटतात, तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. कुंडीतल्या रोपात तो पुष्कळदा मातीखाली दडलेला असतो, म्हणून आधी बोटांनी माती उकरून तो शोधा. गड्ड्याभोवती (म्हणजे मुळांसकट निघणाऱ्या मातीच्या गोळ्याभोवती) गोल फिरलेली मुळं कापून टाका. तशीच ठेवली तर ती पुढे जाड होऊन खोडाला आवळतात आणि चांगलं वाढलेलं झाड दहा-पंधरा वर्षांनी एका बाजूने सुकू लागतं. खड्डा गड्ड्याच्या दोन-तीनपट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल हवा. निघालेलीच माती परत भरा. फक्त खड्ड्यातच भुसभुशीत खतमाती भरली तर मुळं बाहेर पडायला तयार होत नाहीत.

वर लाकडी भुग्याचं 5 ते 8 सेंटीमीटर आच्छादन द्या, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून. खोडाला टेकवून ढीग केला तर साल कुजते. पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर पाणी सावकाश सोडा. बोटभर खोल माती ओली असेल तर थांबा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर बहुधा माती चुनखडीची आहे आणि झाडाला मँगनीज मिळत नाही. मातीचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) 7 च्या वर असेल तर दुसरं झाड निवडणंच बरं. हिवाळ्यात कोवळी साल नैऋत्येच्या उन्हाने तडकते. खोडाला फिकट रंगाची पट्टी गुंडाळा आणि वसंतात न विसरता काढा.

दोन सारखे शेंडे अरुंद कोनात वाढत असतील तर एक लहानपणीच कापा, नाहीतर पुढे वादळात झाड तिथेच फाटतं. हिवाळ्याच्या शेवटी कापलं तर रस गळतो, पण त्याने झाडाचं बिघडत नाही.

घोडे असतील तिथे हे झाड लावू नका. तुटून सुकलेली रेड मेपलची पानं खाल्ली तर घोड्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि घोडा दगावू शकतो.