कॅम्पेन सुरू करायच्या आधी: टेबलावर किती जण घ्यायचे?

हे सगळं टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमबद्दल, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर (पात्र) चालवत कथा खेळायची, आणि कॅम्पेन म्हणजे बरीच सेशन्स चालणारी एकच कथा. आधी गेम कुठला ते नक्की करा आणि मग माणसं मोजा, उलटं नको. प्रत्येक गेमचा स्वतःचा एक आकडा असतो आणि तो पुस्तकात दिलेलाच असतो, आपण ते पान वाचत नाही एवढंच. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत लढायांचं सगळं गणित ४ कॅरेक्टर धरून केलंय, मध्यम लढाईला ८० एक्सपीचं (अनुभवाचे पॉइंट्स, लढाई किती अवघड ते यात मोजतात) बजेट आणि पाचवा आला की वर २०. ब्लेड्स इन द डार्क हा गेम जीएम (गेम मास्टर, म्हणजे कथा आणि मॉन्स्टर चालवणारा) सोडून २ ते ४ जणांसाठी, फियास्कोला तर जीएमच लागत नाही, ३ ते ५ जणांत एका बैठकीत खेळून मोकळं. गंमत म्हणजे १९७४ च्या पहिल्यावहिल्या डी अँड डीत (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) एका कॅम्पेनला ४ ते ५० प्लेअर चालतील आणि एका रेफरीमागे (म्हणजे आजचा जीएम) साधारण २० असं छापलंय! पण त्या ५० जणांनी एकाच रात्री एकाच टेबलाला कोंडाळं करून बसायचं असं ते नव्हतं, मोठ्या क्लबातले लोक आलटून पालटून येणार हे त्यात गृहीत होतं, त्यामुळे हा दाखला देऊन कोणी "मग आपण आठ का नको" म्हणालं तर हसून सोडून द्या.

मग घड्याळ घ्या. तीन तासांचं सेशन म्हणजे १८० मिनिटं, त्यातली ३० तरी गप्पा, खाणं आणि "माझा डाइस कुठे गेला" यात जाणार हे धरून चाला. उरली १५०, त्यातली निम्मी जीएम बोलणार, म्हणजे प्लेअरांच्या वाट्याला ७५. चौघं असतील तर प्रत्येकी जेमतेम १९ मिनिटं, सहा असतील तर साडेबारा, आठ असतील तर जेमतेम नऊ. संध्याकाळ राखून, प्रवास करून आलेल्या माणसाला नऊ मिनिटं.

आणि हे झालं बोलण्याचं, लढाईत आणखी वाट लागते. सहा जणांचं टेबल आहे, प्रत्येकाची टर्न दोन मिनिटांची (नवीन लोकांत दोन मिनिटं म्हणजे फास्टच), वर मॉन्स्टरांची चार, म्हणजे एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) १६ मिनिटांचा. रोग (Rogue, चोरटं कॅरेक्टर) खेळणाऱ्याने बाण मारला, डॅमेज सांगितलं, आता त्याला १४ मिनिटं काम नाही. पहिली दोन तो बघतो, तिसऱ्याला फोन हातात येतो, आणि परत नंबर आला की "थांब, हा गॉब्लिन मेला का? मी कुठे उभाय?" यात अजून एक मिनिट जातं, तोवर विझार्ड (जादूगार) खेळणारी स्पेल शोधत पानं उलटतीये कारण मधल्या वेळात तिनेही ते केलेलं नसतं. गेममधले सहा सेकंद, टेबलावरचा पाव तास. चौघांत हाच राउंड १२ मिनिटांचा होतो आणि तो खरं तर त्याहूनही लवकर आटपतो, कारण वाट बघणं कमी म्हणून लोकांचं लक्ष जागेवर असतं.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: वरचा आकडा ठरवायच्या आधी खालचा ठरवा. म्हणजे किमान किती आले तर आपण खेळायचंच, कॅन्सल नाही. समजा प्रत्येक जण पाचपैकी चार वेळा येतो, जे नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसासाठी चांगलंच झालं. चौघांचा ग्रुप असेल तर चौघंही एकदम हजर असण्याची शक्यता फक्त ४१ टक्के, म्हणजे "सगळे असतील तेव्हाच" हा नियम केलात की कॅम्पेन गेलंच. तीन आले तरी खेळू असं ठरवलं की तेच ८२ टक्के होतं. आणि ग्रुप पाचचा केला, किमान तीनच ठेवले, तर ९४. माझं मत पाच त्यामुळेच आहे: पाच जणांना घ्या, बहुतेक वेळा चौघं तरी बसतील, आणि पाचही आले तरी टेबल कोसळत नाही. सहा घेतले तर पाच बसतात हे खरं, पण ज्या दिवशी सहाही उगवतात त्या दिवशी जीएमला नियम पाठ हवेत. पहिल्यांदा जीएम करणार असाल तर सहाच्या वाटेला जाऊच नका, तीन-चार पुरेत. गैरहजर माणसाच्या कॅरेक्टरचं काय करायचं (कॅम्पवर झोपलाय, कोणीतरी दुसरं चालवेल, काहीही) हे सेशन झिरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीची ठरवाठरवीची बैठक) बोलून टाका.

आकडा बदलला की मॉन्स्टरही बदला, आणि नुसते हिट पॉइंट्स (किती मार सोसतो तो आकडा) वाढवून भागत नाही. एकटा बॉस विरुद्ध सहा जण म्हणजे त्याची एक टर्न आणि यांच्या सहा, कितीही तगडा असला तरी बिचाऱ्याचा भुगा होतो, म्हणून त्याच्यासोबत चार फडतूस चेले द्या किंवा लेजेंडरी अ‍ॅक्शनवाला मॉन्स्टर घ्या, जो दुसऱ्यांच्या टर्ननंतर मध्येच काहीतरी करू शकतो. उलट दोघंच असतील तर एक पडला की अर्धी पार्टी आडवी, तिथे सोबतीला एनपीसी (जीएमच्या हातातलं कॅरेक्टर) द्यावा लागतो. डी अँड डीच्या २०१९ च्या एसेन्शियल्स किटमध्ये त्यासाठी साइडकिकचे (मदतनीस कॅरेक्टर) नियम आहेत, एक डीएम (डी अँड डीतला जीएम) आणि एकच प्लेअर असं पण खेळता येतं, आणि लोक समजतात तसं ते अजिबात रटाळ नसतं.

माणसं कोणती हे पण बघा, नुसती किती नाही. चार प्लेअरांत आपापसातल्या जोड्या ६ होतात, सहात १५, आठात २८, आणि यातली एक जोडी जरी एकमेकांना खुपणारी निघाली तरी ते सगळ्यांना दिसतं. कमी बोलणारे दोन असतील तर चारच ठेवा, मोठ्या टेबलावर ते गायब होतात आणि चार सेशननंतर मेसेज येतो की "सध्या जमत नाहीये". ऑनलाइन खेळणार असाल तर अजून एक कमी करा, कारण कॉलवर दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही. वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी कथा) असेल तर एवढं ताणून धरू नका, एक जास्त चालतो.

आणि आठ-नऊ जण खरंच हात वर करून बसलेत तर? दोन टेबलं करा, दुसरा जीएम शोधा. तो नाही मिळाला तर सगळ्यांना एकाच जगात ठेवून दर वेळी जे पाच आधी नाव देतील त्यांना न्या, कथा छोट्या मोहिमांची ठेवा आणि प्रत्येक मोहीम त्याच रात्री गावात परत आणून संपवा. यातलं काहीच जमत नसेल तर तारीख टाकायच्या आधीच "यावेळी पाचच, पुढच्या कॅम्पेनला तुमचा नंबर पहिला" असं बाकीच्यांना सरळ कळवा, आणि तो नंबर कुठेतरी लिहून पण ठेवा, कारण ते लक्षात ठेवतातच.