काळ्या मातीच्या अंगणात तयार लॉन कसं लावावं

ज्या हरळीपायी आपला कास्तकार वर्षभर खुरपं घेऊन वाकलेला असतो, तेच गवत आता नर्सरीतून चौरस फुटाच्या भावाने टेम्पो भरून येतं. बर्म्युडा ग्रास म्हणजे हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांची जात. नर्सरीवाले तिचे बारीक पानाचे, दाट पसरणारे निवडक प्रकार ‘सिलेक्शन वन’ किंवा नुसतंच ‘कार्पेट लॉन’ म्हणून विकतात. ‘मेक्सिकन’ मागितलं तर वेगळं गवत मिळेल. ते झोयसिया, फार सावकाश भरणारं. या लेखातलं वेळापत्रक त्याला लागू पडणार नाही.

हरळीच ती, कुठेही लागते, या भरवशावर लोक तयार लॉनच्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापून आणलेले गवताचे तुकडे, थेट अंगणात अंथरतात आणि पहिल्याच झडीत लॉन पिवळं पडतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या हरळीने मुळं स्वतः खोल नेलेली असतात. लादीतल्या हरळीची मुळं कापून आणलेली असतात आणि तिच्याजवळ असते जेमतेम इंचभर माती. खाली चिखल साचला की ती गुदमरते, खाली ढेकूळ आणि पोकळी राहिली की वाळते. म्हणून या कामाचे चारातले तीन हिस्से जमीन तयार करण्याचे आहेत. लाद्या अंथरणं हे एका सकाळचं काम.

कधी आणि कुठे

लावायचं तर पोळा ते दसरा या दिवसांत लावा. जमीन गरम असते, विहिरी भरलेल्या असतात, पावसाचा जोर ओसरलेला असतो, आणि थंडी पडायच्या आत मुळं धरायला पुरेसा वेळ मिळतो. दुसरी वेळ होळीनंतरची. पण उन्हाळाभर पाण्याची खात्री असेल तरच. मृगात लावण्याची घाई बरेच जण करतात. मला ती पटत नाही, कारण आषाढाच्या झडीत काळ्या मातीवर पाणी उभं राहतं आणि न रुजलेल्या लाद्या सरकतात. डिसेंबर-जानेवारीत तर नकोच. थंडीत हे गवत झोपतं, मुळं फुटत नाहीत.

जागेला रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. कडुनिंबाखाली किंवा घराच्या उत्तरेच्या सावलीत हरळी विरळ होत जाते, खत घालूनही सुधारत नाही. तिथे फरशी टाका, गवतावर पैसे घालवू नका.

जमीन

आधी एक फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर निचऱ्याची सोय केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत बहुतेक ठिकाणी हेच दिसेल. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. मधली जी अवस्था, तो वापसा. खणणं, भुसभुशीत करणं, चोपणं, सगळं वापशावरच करा. ओल्या मातीत फावडं घातलं तर ढेकळं विटेसारखी कडक होतील आणि ती फोडता फोडता मजूर वैतागेल.

सहा इंच खोल खणून दगड, काचा, प्लास्टिक, जुनी मुळं वेचून काढा. आता गवताचा बंदोबस्त. गाजरगवत, केना उपटून निघतात. खरा त्रास नागरमोथ्याचा. त्याची पात वरून ओढली की हातात येते आणि जमिनीखालची काळी गाठ तशीच राहते, आठवड्यात पुन्हा हिरवी टोकं वर. म्हणून खणल्यावर लगेच लॉन लावू नका. दोन आठवडे जमिनीला पाणी देत राहा, जे उगवेल ते उगवू द्या, मग खुरप्याने गाठीसकट काढा. जमल्यास आणखी एकदा. कुंदा या चिवट तणाच्या मुळ्याही याच वेळी काढून घ्यायच्या. अंगणात जुनी देशी हरळी असेल तर तीही पूर्ण काढा, नाहीतर बारीक पानात जाड पान मिसळून ठिगळं दिसतात.

उतार घराकडून बाहेर असावा, दर दहा फुटांना दीड ते दोन इंच. गवंड्याजवळची पाण्याची पारदर्शक नळी घेतली की हा उतार अचूक मिळतो. डोळ्याने ठरवू नका. उताराच्या शेवटी एक चर काढून तो नालीला किंवा शोषखड्ड्याला जोडा.

काळ्या मातीत चार घमेली रेती कालवून निचरा सुधारत नाही, ती चिखलात हरवून जाते. त्यापेक्षा वर चार इंचांचा वेगळा थर द्या: दोन भाग रेती, एक भाग तिथलीच चाळलेली माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. हा थर नुसता पसरून सोडायचा नाही. दाताळ्याने खालच्या इंच-दोन इंच मातीत ओढून मिसळायचा, म्हणजे दोन थरांच्या सीमेवर पाणी अडत नाही. पाचशे चौरस फुटांच्या अंगणाला असं मिश्रण सुमारे पावणेदोन ब्रास लागतं (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). त्यातली रेती पाऊण ते एक ब्रास. तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून लॉनखाली भरू नका. वावरासाठी तो सोनं असेल, पण लॉनखाली निचरा बंद करतो.

शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यासोबत मुळं खाणाऱ्या हुमणीची अंडी-अळ्या आणि तणाचं बी फुकट येतं. मुठीत घेतल्यावर भुरभुरीत लागलं पाहिजे आणि वास मातीचा आला पाहिजे, गोठ्याचा नाही. शिवाय पाचशे फुटांना दोन-अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या थरात मिसळा. नव्या मुळांना स्फुरदाचा उपयोग होतो.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर आधी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. हरळी खारं पाणी इतर गवतांपेक्षा बरंच सोसते, पण नुकती कापलेली मुळं तेवढी सोसत नाहीत. पहिल्या महिन्यापुरतं तरी गोडं पाणी द्या. माती चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली निघाली तर अहवालात सांगतील तेवढाच जिप्सम घाला.

कडेला विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडा. हरळीच्या कांड्या जमिनीवरून धावतात आणि जमिनीखालूनही. शेजारी संत्र्याचं आळं किंवा वावर असेल तर ही कड सोडून चालणार नाही. आळ्यात एकदा शिरलेली हरळी काढता काढता झाडाची मुळं दुखावतात. कडेवरून बाहेर आलेल्या कांड्या दर पंधरवड्याला कापा. त्या ओल्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, प्रत्येक पेर रुजतं. उन्हात कडक वाळवून मगच टाका.

शेवटी जमीन सपाट करून हलकेच चोपा, आणि ओटा किंवा पायवाटेपेक्षा इंचभर खाली ठेवा. लादीची जाडी त्यात भरून निघते.

लाद्या घेताना

मापापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त घ्या, कडेला कापाकापीत जातं. एखादी लादी उलटून बघा. पांढरी ताजी मुळं दिसली पाहिजेत, माती अखंड राहिली पाहिजे आणि नागरमोथ्याची तिकोनी दांडी कुठे दिसता कामा नये. थप्पीच्या मधोमध हात घालून पाहा. आत गरम लागलं आणि आंबूस वास आला तर परत करा. गवत आतून उकडलेलं असतं, दोन दिवसांनी पिवळं दिसेल. टेम्पो पहाटे येईल असं ठरवा, लाद्या सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा आणि त्याच दिवशी लावून मोकळे व्हा. मजूर आदल्या दिवशी पक्का करा. लाद्या येऊन पडल्या आणि मजूर सोयाबीन काढायला गेला असं सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्रास होतं.

अंथरताना

जमिनीवर हलकं पाणी शिंपडा, चिखल होऊ देऊ नका. पायवाट किंवा कंपाउंडसारखी सरळ कड धरून सुरुवात करा आणि दुसऱ्या ओळीचे सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवत जा. उतारावर लाद्या आडव्या टाका, उभ्या नाहीत. लादीला लादी घट्ट भिडवायची, पण एकीवर दुसरी चढवायची नाही आणि ताणायचीही नाही; ताणलेली लादी वाळताना आकसून फट सोडते. लहान तुकडे मध्ये वापरा, कडेला पूर्ण लादी ठेवा, कारण कडा आधी वाळतात. कापायला धारदार कोयता चालतो. अंथरलेल्या भागावर थेट उभं राहू नका, फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून काम करा.

सांध्यांत रेती आणि चाळलेल्या खताचं मिश्रण हाताने भरा. मग हलका रोलर फिरवा. रोलर नसेल तर फळी ठेवून तिच्यावर चालत गेलात तरी चालतं. लादी आणि जमीन यांच्यामध्ये हवा राहू नये एवढाच हेतू. लगेच पाणी सोडा. लावणी पूर्ण होईपर्यंत थांबू नका. निम्मं झालं की तेवढ्या भागाला भिजवा. एक कोपरा उचलून पाहा, खालची माती चार इंचांपर्यंत ओली झालेली असली पाहिजे.

पहिला महिना

पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी, सकाळी आणि दुपारी. रात्री भिजवलेलं ठेवलं तर बुरशी धरते. ऐनवेळी लाईन जाते, म्हणून टाकी किंवा दोन ड्रम भरून ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये कोरडी राहिलेली दुपार या लाद्यांना जड जाते. दहाव्या-बाराव्या दिवशी कोपरा हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखं वाटलं म्हणजे मुळं खाली उतरली. तिथून पाण्याच्या पाळ्या कमी करायच्या, पण प्रत्येक पाळी भरपूर. महिन्यानंतर आठवड्याला इंचभर पाणी, म्हणजे पाचशे फुटांना साधारण ११८० लिटर, दोन पाळ्यांत. काळी माती पाणी हळू पिते. वाहू लागलं की बंद करा, अर्ध्या तासाने पुन्हा सोडा.

शेळ्या आणि कोंबड्या नव्या लॉनची दैना करतात. शेळी कोवळी पात ओढते तेव्हा लादीच उचलून येते. तीन-चार आठवडे जाळी किंवा बाभळीच्या फांद्या लावून ठेवा.

गवत दोन इंचांवर गेलं आणि लादी हलेनाशी झाली की पहिली कापणी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, पुढे ते इंच-दीड इंचावर ठेवायचं. पात्याला धार हवी. बोथट पात्याने टोकं फाटतात आणि लॉन करड्या रंगाचं दिसतं.

पुढे

युरिया पहिल्या महिन्यात नको. नंतर वाढीच्या दिवसांत महिन्याला पाचशे फुटांना अर्धा किलो पुरे, पानं कोरडी असताना फेकून लगेच पाणी. पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुन्याच्या आपल्या जमिनीत ती येतेच. अर्धा टक्का हिराकस, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत. गवत जागोजागी वाळतंय आणि गालिच्यासारखं गुंडाळून येतंय तर खाली हुमणी आहे. माती उकरून पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या अळ्या शोधा.

डिसेंबरात लॉन तपकिरी झालं म्हणून घाबरून युरिया टाकू नका. दहा-बारा दिवसांनी एक पाणी द्या, होळीच्या सुमारास आपोआप हिरवं होईल.

उन्हाळ्यात मात्र लक्ष ठेवा. पाण्याची पाळी लांबली की खालची काळी माती भेगाळते आणि भेग बहुधा लाद्यांच्या सांध्यातूनच जाते, मुळं तोडत. दिसली की रेती-खताने भरा आणि दोनदा सावकाश पाणी सोडा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी लॉनवर ओतू नका, दिवसभर उडून उडून त्यात क्षार साठलेले असतात. मोरीचं साबणाचं पाणीही नकोच. त्यातला सोडा काळी माती आणखी घट्ट करतो. मे महिन्यात रात्री खाटा लॉनवर टाकणार असाल तर पाणी सकाळीच देऊन टाका, आणि खाटेची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला.