भिंतीवर लावायचं की अंगावर चढवायचं?

बडोद्यात डांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर सुट्टीत कोणीतरी भाचा फोन पुढे करतो आणि विचारतो, "मामा, घेऊ का हे?" फोनवर 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या वस्तूची नक्कल असते: लाइटसेबर, म्हणजे उजेडाच्या पात्याची तलवार, नाहीतर स्टॉर्मट्रूपर या सैनिकांचं पांढरं हेल्मेट. किंमत मी नंतर बघतो. आधी विचारतो, हे भिंतीवर लागणार की अंगावर चढणार? "दोन्ही" असं उत्तर आलं की ओळखायचं, पोराने अजून विचार केलेला नाही.

सिनेमावालेसुद्धा एका वस्तूवर भागवत नाहीत. क्लोजअपसाठी बारीक कामाची, दिवे लागणारी एक असते, तिला ते हीरो प्रॉप म्हणतात (प्रॉप म्हणजे सिनेमात हाताळायची वस्तू). पळापळीत, आपटाआपटीत हातात द्यायला रबराची किंवा हलक्या प्लास्टिकची वेगळी, ती स्टंट प्रॉप. तुम्हाला काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर पहिलीची नक्कल शोधा. वजन, धातू, बारकावे, सगळं तिथे कामाचं. पोशाखासोबत चार तास वागवायचं असेल तर दुसरी बघा आणि बारकाव्यांवर पाणी सोडा. कमरेच्या पट्ट्याला भरीव अॅल्युमिनियमची मूठ अडकवून फिरणाऱ्याची पँट दुपारपर्यंत कुठे येते, ते मी पाहिलेलं आहे.

हे ठरलं की दुसरा प्रश्न. "ल्यूकचा लाइटसेबर हवा" (ल्यूक म्हणजे सिनेमाचा नायक) एवढं सांगून चालत नाही, सिनेमाच्या कुठल्या भागातला ते सांगावं लागतं. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनकडे पैसे बेताचे होते. त्याने लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानातून ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशची मूठ उचलली. पकडीसाठी तिच्यावर प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि बटणांच्या जागी कॅल्क्युलेटरमधली, आकडे मोठे दाखवणारी बुडबुड्यांची पट्टी खोचली. १९८० च्या भागात त्या पट्टीच्या जागी सर्किट बोर्डाचा तुकडा आला. ल्यूकचा गुरू ओबी-वान, त्याची मूठ तर भंगारवाल्याचं दुकानच: जेट इंजिनातली एक नळी, पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा भाग, मशीनगनचा एक तुकडा आणि इंग्रजी नळाची चकती. म्हणून जाहिरातीत 'स्क्रीन अॅक्युरेट', म्हणजे पडद्यावर दिसते अगदी तशी, असं लिहिलेलं असेल तर त्या भागातलं दृश्य थांबवून बघा, आणि बुडबुड्यांची पट्टी आहे की सर्किटचा तुकडा, तेवढं तपासा. विकणारा दोन्ही भागांची खिचडी करून विकत असेल तर तिथेच कळतं.

आमच्या मोठ्या काकांचा रावपुऱ्यात फोटो स्टुडिओ होता. बल्ब फोडणारा, सेलवर चालणारा, चकचकीत मुठीचा एक फ्लॅश तिथे कोपऱ्यात पडलेला असायचा. स्टुडिओ बंद करताना आम्ही तो पितळ-पत्र्याच्या भावाने घालवला. ग्राफ्लेक्सच्या अस्सल मुठींना आज हौशी लोक काय मोजतात ते कळल्यावर काकूंना हे सांगण्याची माझी हिंमत झालेली नाही. त्यांनी आयुष्यभर रद्दीसुद्धा दोन ठिकाणी भाव विचारून घातली. जुनी मूठ शोधायची हौस असेल तर अहमदाबादला साबरमतीकाठचा रविवारचा बाजार एकदा पालथा घालून या. ग्राफ्लेक्स मिळेलच असं नाही, पण त्या काळच्या वस्तूचं वजन हाताला कळतं, आणि मग फोटोतली नक्कल पोकळ वाटते की भरीव, याचा अंदाज येतो.

सिनेमा कंपनीच्या परवान्याने बनलेली वस्तू घ्यायची की हौशी कारागिराची, यावर भाचेमंडळी फार वाद घालतात. परवान्याच्या मालाला खोका चांगला, तक्रारीला जागा आणि पुढे विकताना भाव. कारागिराच्या मालाला कधीकधी जास्त प्रेम. इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने स्टॉर्मट्रूपरची मूळ हेल्मेटं घडवली होती, आणि पुढे तो स्वतःच त्यांच्या प्रती विकू लागला. 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे हेल्मेट म्हणजे शिल्प नव्हे, सिनेमात वापरायची वस्तू आहे, त्यामुळे शिल्पाला मिळणारं दीर्घ मुदतीचं संरक्षण तिला नाही. आमच्या पुष्पबागेतल्या फाइन आर्ट्सच्या पोरांना हा किस्सा सांगा, संध्याकाळ तिथेच जाईल. पण हा निकाल इंग्लंडचा आहे, तो दाखवून इथे धंदा मांडू नका.

आता पदार्थ. इथे मी स्वतः आपटलोय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून थ्रीडी प्रिंट केलेली मूठ मागवली, रंग सुरेख, भाव माफक. मे महिन्यात एका दुपारी ती स्कूटरच्या डिकीत राहिली. संध्याकाळी काढली तर तिला केळ्यासारखा बाक आला होता. प्रिंट पीएलए या प्लास्टिकची होती, आणि पीएलए साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. बाहेर चव्वेचाळीस असताना बंद डिकी तिथवर सहज पोचते. म्हणून कुठलं प्लास्टिक ते विचारायचंच: पीएलए आहे की पीईटीजी, एबीएस की रेझिन? पीईटीजी ऐंशीच्या आसपास तग धरतो, एबीएस आणखी वर. उत्तर "हाय क्वालिटी प्लास्टिक" असं आलं तर पैसे खिशात ठेवा.

कच्ची प्रिंट घेऊन घरी रंगवायची असेल तर लांबी (पुट्टी), प्रायमर आणि काचपेपर यांना पंधरा दिवस द्या. घाई असेल तर एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला गाठा, पण त्याला आधीच सांगा की हा पत्रा नाही. गाडीच्या रंगातला थिनर एबीएसचा पृष्ठभाग खातो. आधी न दिसणाऱ्या आतल्या बाजूला मारून बघायला लावा. घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि ते काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका, घरच्यांशी बिनसेल.

अॅल्युमिनियमची मूठ हवी असेल तर परदेशातून मागवण्याआधी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक चक्कर मारा. लेथवर काम करणारा माणूस तुमच्या लाइटसेबरला हसेल, पण ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये दिलंत तर ते काम त्याला अवघड नाही. सगळीकडे चालणारं पातं एक इंच बाहेरच्या व्यासाचं, म्हणजे २५.४ मिलिमीटर. मुठीचं भोक त्याहून किंचित सैल हवं आणि पातं धरायला बाजूने एक छोटा स्क्रू. पातं पॉलिकार्बोनेटचंच घ्या. अॅक्रिलिक दिसायला तितकंच स्वच्छ, पण आपटलं की तुकडे उडतात. दोन भाऊ एकमेकांवर चालवणार असतील, आणि चालवणारच, तर दिवा मुठीत असलेली जात घ्या. पात्यात एलईडीची पट्टी असलेली निओपिक्सेल दिसते सुरेख, उजेड मुठीपासून टोकाकडे पळत जातो, पण मार खायला ती नाही.

हेल्मेटसाठी शिंप्याची टेप घ्या आणि कपाळावरून डोक्याचा घेर मोजा. शेंडी, आंबाडा, चष्मा, सगळं धरून मोजा. नुसतं फोटोवर जाऊ नका, कारण पडद्यावरचं हेल्मेट घातलेला माणूस किती मोठा होता हे फोटोत कळत नाही. चष्म्याच्या काचेवर वाफ धरते, म्हणून आत छोटा पंखा बसतो का ते विचारा. पूर्ण चिलखत घालून इथे एप्रिलमध्ये मिरवायचं असेल तर एकदा घरात एक तास घालून बसा, पंखा बंद करून. आणि दुसरं कोणी बोलत नाही ते मी बोलतो: ते चिलखत घालून लघवीला जाता येत नाही. सोबत एक माणूस हवा जो पट्टे सोडवेल, पाण्याची नळी तोंडाशी धरेल आणि पायरी आली की हात धरेल, कारण हेल्मेटमधून खालचं दिसत नाही आणि ऐकूही कमी येतं. आमच्यात हे काम वहिनी करते आणि त्याची वसुली दिवाळीत होते. पोशाखाबाबत फार काटेकोर व्हायचं असेल तर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ५०१ लीजन या 'स्टार वॉर्स'चे पोशाख घालणाऱ्या हौशींच्या संघटनेचे निकष खरेदीच्या आधी वाचून काढा, नंतर नव्हे. बकल चुकीचं निघालं की सबंध पट्टा बदलावा लागतो.

ब्लास्टर, म्हणजे या सिनेमातल्या बंदुका, यांबाबत मात्र मी कडक आहे. हान सोलो या पात्राचं पिस्तूल मूळ माउझर, स्टॉर्मट्रूपरची बंदूक मूळ स्टर्लिंग. ही अस्सल हत्यारांवरून केलेली आहेत, म्हणून चांगली नक्कल लांबून अस्सलच दिसते. तोंडाला नारिंगी टोक असेल तर ते रंगवून काळं करू नका. रस्त्याने नेताना खोक्यात न्या, वर बिल ठेवा, आणि सूरसागर तलावाच्या कट्ट्यावर रील काढायला तर अजिबात नको. मुंबईला कॉमिक कॉन या कॉमिक्स-सिनेमावेड्यांच्या मेळ्याला विमानाने जाणार असाल तर नकली बंदूक केबिनच्या बॅगेत चालत नाही. मेळ्याच्या दारावर प्रॉप तपासतात, त्यांचे नियम तिकीट काढतानाच वाचा. नकली बंदुकीला खरी करायचा उद्योग तर शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये बसतो, ती थट्टा नाही.

परदेशातून मागवताना किंमत म्हणजे जाहिरातीतला आकडा नव्हे. कस्टम ड्यूटी वस्तू, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते, वर आयजीएसटी हा करही. खोक्यावर काय लिहून पाठवणार, हे विकणाऱ्याला आधीच विचारा. खेळणं म्हणून आलं तर प्रकरण वेगळं होतं: खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर गेली, २०२३ मध्ये सत्तरवर, आणि १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचा शिक्का लागतो. "भेट लिहून पाठवतो, काळजी नको" असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरियरने भेट म्हणून सवलतीत माल सोडवणं बंद आहे, त्यातून सुटली ती जीव वाचवणारी औषधं आणि राखी. लाइटसेबर बहिणीने पाठवला तरी राखी होत नाही. कुरियरवाला ओळखपत्र मागेल, त्यावरचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव एकच ठेवा. बंटी या नावाने मागवू नका.

लिथियमचे सेल बरेचसे विक्रेते पाठवतच नाहीत, तेव्हा कुठला सेल लागतो ते विचारून तो इथेच घ्या. विमानात सुटे सेल केबिनच्या बॅगेत जातात, खालच्या सामानात नाही. हे बंदुकीच्या बरोबर उलट आहे, गोंधळ करू नका. अमेरिकेतल्या मालाचा अॅडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. त्यावर १००-२४० छापलेलं नसेल तर आपल्या २३० मध्ये खुपसू नका, पहिल्याच दिवशी धूर निघेल.

आणि भिंत. डांडिया बाजार, बाबाजीपुरा इकडच्या जुन्या घरांच्या भिंतींत विटा आणि चुना आहे, ड्रिल मारलं की भुसा पडतो आणि प्लग फिरत राहतो. जड वस्तू लाकडी तुळईला टांगा किंवा कपाटात ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोर पांढरं एबीएस ठेवलंत तर उन्हाने पिवळं पडेल. पावसाळ्याच्या आधी साधे सेल काढून ठेवा, नाहीतर दसऱ्याला उघडाल तेव्हा स्प्रिंगवर हिरवी बुरशीसारखी पूड असेल. सिलिका जेलच्या पुड्या औषधांच्या डब्यांतून जमवत जा, विकत घ्यायची गरज नाही.

खोकं आलं की कुरियरवाल्यासमोर सही करण्याआधी चारही कोपरे बघा. मग एका माणसाला फोन धरायला सांगून न थांबवता व्हिडिओ काढत उघडा: क्रमांकाची पट्टी, प्रमाणपत्र, रंगाचे पोपडे, सेलच्या झाकणाचे स्क्रू, दिवा, आवाज. खोका फाडू नका. तो माळ्यावर जाईल, आणि आई दर दिवाळीला विचारेल की रिकामा आहे तर टाकू का. नाही म्हणायचं.