मिक्स फसलंय की जोडणी? डिस्कला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

घरी डिस्कवर सिनेमा बघताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच मिनिटाला स्फोटाने कपाटातली भांडी वाजतात. मग ‘या डिस्कचं मिक्सिंगच वाईट’ असा शिक्का बसतो. कधीकधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा मूळ मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची केलेली जुळणी, स्पीकरपर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून आधी रिसीव्हरच्या (प्लेअरचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेकडे बघा. बऱ्याच डीव्हीडींवर डिस्क टाकताच सुरू होतो तो दोन चॅनेलचा, बहुधा १९२ केबीपीएसचा डॉल्बी ट्रॅक. ५.१ ट्रॅक (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खोल बासचा स्पीकर, यांच्यासाठीचा) मेनूत जाऊन निवडावा लागतो. डिस्प्लेवर ‘३/२.१’ दिसलं, तर पुढचे तीन, मागचे दोन आणि एलएफई (खोल बासचा वेगळा चॅनेल) असे सगळे चॅनेल येताहेत. ‘२/०’ दिसलं, तर तुम्ही स्टिरिओ ऐकताय. फसगत अशी होते, की रिसीव्हर तो स्टिरिओ पाचही स्पीकरवर पसरवतो. मागून आवाज येतोय म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

ब्लू-रे प्लेअरमध्ये खोडी करते ती ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ ही सेटिंग. मेनूचे टिकटिक आवाज आणि चित्रातल्या चित्राची कॉमेंट्री मुख्य ट्रॅकमध्ये मिसळण्यासाठी ती असते. ती चालू असली की प्लेअर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हा उच्च दर्जाचा ट्रॅक स्वतः उलगडतो, त्यात हे आवाज मिसळतो आणि बऱ्याचदा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवतो. ॲटमॉसची (डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीची) माहिती तर वाटेतच गळते. ही सेटिंग बंद करा आणि आउटपुट ‘बिटस्ट्रीम’वर ठेवा, म्हणजे ट्रॅक न उलगडता तसाच रिसीव्हरकडे जाईल.

केबलचीही मर्यादा असते. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल किंवा साधं डीटीएस ५.१ जातं, ट्रूएचडी जात नाही. प्लेअर ‘पीसीएम’वर (आवाज स्वतः उलगडून पाठवण्यावर) असेल, तर त्याच केबलमधून फक्त दोन चॅनेल निघतात. प्लेअर टीव्हीला जोडून आवाज एआरसीने (टीव्हीकडून एचडीएमआय केबलमधूनच उलटा) रिसीव्हरकडे आणला, तरी ट्रूएचडी मिळत नाही. त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत ईएआरसी ही त्याची सुधारित आवृत्ती लागते. सरळ मार्ग म्हणजे प्लेअरमधून एचडीएमआय रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला.

आता संवाद. सिनेमाघराची पातळी ठरलेली असते: मुख्य चॅनेलचा प्रत्येकी कमाल आवाज १०५ डेसिबल, एलएफईचा ११५. फ्लॅटच्या हॉलमध्ये आपण त्याहून २०-२५ डेसिबल खाली ऐकतो. तिथे कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडते. हा मिक्सचा दोष नव्हे. सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असेल, तर कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानाकडे वर वळवा. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून बसायच्या जागी आवाज मोजायचा मीटर धरा: मीटरवर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ निवडा, प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल. फक्त तुलनेपुरतं मोबाइलचं ॲपही चालतं. एवढं करूनही संवाद दबले, तर सेंटर २-३ डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको. रात्री ‘नाइट मोड’ (हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारी सेटिंग) खुशाल लावा, पण सकाळी काढा. तो चालू राहिला की प्रत्येक सिनेमा सपाट वाटतो. ट्रूएचडीसाठी डायनॅमिक रेंजची (याच अंतराची) सेटिंग ‘ऑटो’वर असेल, तर ती ‘ऑफ’ करून एकदा ऐकून बघा.

बासमध्ये नेहमीची चूक म्हणजे छोटे स्पीकर ‘लार्ज’ ठेवणं. त्यांना झेपत नाही तो खालचा आवाज हरवतो आणि सबवूफरवर फक्त एलएफई उरतो. सगळे ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा; अगदी छोट्या सॅटेलाइटना १०० ते १२०. एलएफईचा लो-पास (वरचे स्वर गाळणारा फिल्टर) १२० हर्ट्झवर असू द्या. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर फिरवा, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक चढून मधल्या बासला खड्डा पडतो. एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल, तर समोरचा आवाज विस्कटतो आणि बास पातळ होतो.

एकाच डिस्कवरचे डीटीएस आणि डॉल्बी ट्रॅक तोलतानाही गल्लत होते. डॉल्बी ट्रॅकमध्ये ‘डायलनॉर्म’ नावाचा, संवादांची पातळी सांगणारा आकडा असतो. तो उणे २७ असेल, तर डीकोडर आवाज ४ डेसिबल खाली आणतो. डीटीएस ट्रॅकवर सहसा अशी कपात नसते. मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, त्यामुळे डीटीएस बाजी मारतं. डॉल्बी ४ डेसिबल वाढवून पुन्हा ऐका. डीव्हीडीवर डॉल्बीची कमाल मर्यादा ४४८ केबीपीएस आणि डीटीएसचा दर ७५४ किंवा १५०९, हे खरं. पण निम्मे वाद या ४ डेसिबलांतच संपतात.

डिस्कचे खरे दोष वेगळे असतात. पॅल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ने धावतो: १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत आटोपतो आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल, तर गाणी जवळपास पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर) चढतात. मुळात मोनो असलेल्या जुन्या सिनेमाला ताणून ५.१ केलं, की संवादांना विहिरीतला घुमारा येतो आणि मागच्या स्पीकरवर नव्याने चिकटवलेले आवाज ऐकू येतात. मूळ मोनो ट्रॅक दिला असेल, तर बेलाशक तोच लावा. थिएटरसाठीचं मिक्स जसंच्या तसं डिस्कवर आलं, तर वरचे स्वर टोचतात, कारण थिएटरमध्ये २ किलोहर्ट्झच्या वर आवाज मुद्दाम उतरता ठेवतात. रिसीव्हरमधलं ‘सिनेमा ईक्यू’ त्यासाठीच आहे. घरासाठी नव्याने केलेल्या मिक्सवर मात्र ते लावलं, की सगळं मंद होतं.

ओठ आणि शब्द जुळत नसतील, तर दुसरी डिस्क लावा. प्रत्येक डिस्कवर आवाज तेवढाच आधी येत असेल, तर टीव्हीची प्रक्रिया चित्र उशिरा दाखवतेय. रिसीव्हरमधला ऑडिओ डिले ५-५ मिलिसेकंदांनी वाढवत जा. एकाच डिस्कच्या ठरावीक भागात बिघाड असेल, तर तो डिस्कचा. २०१०मध्ये ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या अमेरिकी ब्लू-रेवर असाच दोष निघाला होता आणि कंपनीने डिस्क बदलून दिल्या. दुकानात परत नेताना बिघाड नेमका किती मिनिटांवर आहे, ते लिहून न्या.