हेलिकॉप्टर, छोटी विमानं आणि कॉकपिटचे फोटो : या चुका टाळा

नाशिकरोड-उपनगरकडे चेतक, चीता ही हेलिकॉप्टरं डोक्यावरून जातात, म्हणून नवा कॅमेरा घेतला की पोरं थेट गांधीनगरच्या कुंपणापाशी पोहोचतात. सर्वांत मोठी चूक हीच. तो आर्मी एव्हिएशनचा, म्हणजे लष्करी हेलिकॉप्टरांचा तळ आहे, तिथे फोटो नकोत. ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यालाही तोच नियम. ड्रोनचा तर विचारही नको. फोटो खुल्या एअर शोसाठी किंवा रीतसर परवानगी देणाऱ्या फ्लाइंग क्लबसाठी ठेवा. घराच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिका. चीताची शेपटी म्हणजे उघड्या नळ्यांचा सांगाडा, चेतकची पत्र्याने बंद. दोघांच्या पंख्याला तीन पाती, ध्रुव हेलिकॉप्टरच्या पंख्याला चार.

दुसरी तक्रार नेहमीची: फोटो शार्प आला, पण हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखं दिसतं. शटर 1/1000 सेकंदावर असतं म्हणून. चीताचा मुख्य पंखा मिनिटाला साधारण 350 फेरे घेतो, म्हणजे 1/1000 सेकंदात पातं जेमतेम 2 अंश सरकतं. 1/125 ला तेच 17 अंश सरकतं आणि पंखा फिरताना दिसतो. एकदम 1/125 वर उतरू नका. 1/250 पासून सुरुवात करा, कोपरं अंगाशी घट्ट धरा आणि कमरेतून वळत राहा. सेसना 172 या छोट्या विमानाचा प्रोपेलर खूप वेगाने फिरतो, त्याला 1/250 पुरतं.

मोबाईलमध्ये पाती वाकडी दिसतात, कारण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. एडिटिंगने ते सुधारत नाही.

पांढुरक्या आभाळात विमान काळं पडलं, तर कॅमेऱ्यात एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) +1 करा. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते, तेव्हा लेन्सला दोष देऊ नका. सकाळी लवकर जा.

कॉकपिट मनसोक्त टिपायचं, तर बंगळुरूचं एचएएल संग्रहालय किंवा गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय गाठा. फ्लॅश बंद ठेवा. कॅनॉपीचा (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचा) फोटो काढताना लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावलात तर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. त्याऐवजी हात लावायची मुभा असेल तिथे लेन्सचं रबरी हूड (पुढची कड) काचेला हलकेच टेकवा, नाहीतर काळं कापड आडवं धरा. मिग-21 या लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा हिरवट-निळा रंग ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला रंगांचा तोल) बिघडवतो, तो हाताने सेट करा. ही विमानं आपल्या ओझरलाही बनली. त्यांच्या पॅनलवर मधोमध उभी पांढरी रेघ असते. स्पिनमधून (विमान गरगरत खाली येतं त्यातून) सुटताना स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, मध्यावर आणायची ती खूण. फ्रेम लावताना ती कापू नका.