हाड आधी आपल्या अंगाला लावून बघा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) पहिल्याच व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी माझ्या हातात ह्युमरस दिलं. ह्युमरस म्हणजे दंडाचं हाड. त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याचं नाव मला पाठ होतं. सरांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूचं?" मला सांगता आलं नाही. चित्रातल्या हाडाला पुढची-मागची बाजू आधीच ठरवून दिलेली असते, हातातल्या हाडाला ती आपण ठरवायची असते.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी बाजू, मग नावं. ह्युमरसचं गोल डोकं वर आणि आतल्या अंगाला, खालच्या टोकाचा खोल खळगा मागे. असं धरून ते स्वतःच्या दंडाला लावायचं. ज्या हाताला जुळेल, त्या बाजूचं.

नव्यांनी सुरुवात क्लॅव्हिकलपासून, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडापासून करावी, असं मला वाटतं. कातडीखालीच असल्यामुळे गळ्याच्या खाचेपासून खांद्यापर्यंत ते सबंध बोटाला लागतं. चपटं टोक बाहेर, जाड टोक आत. आतल्या दोन तृतीयांश भागाचा बाक पुढे. गर्भात सगळ्यात आधी हाड बनायला लागतं ते हेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

पण खरी गोडी लागली ती खुणांमुळे. हाडावरची प्रत्येक खोबण, प्रत्येक खरबरीत जागा कशाची तरी असते. ह्युमरसच्या मागून एक उथळ, तिरकी खोबण जाते. तिच्यातून रेडियल नर्व्ह जाते, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची नस. दोन वर्षांनी वॉर्डात दंड मोडलेला एक तरुण पाहिला. त्याचं मनगट खाली लोंबत होतं, वर उचलता येत नव्हतं. मला लगेच ती खोबण आठवली. कोपराला आतून मार बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्याचंही उत्तर याच हाडाच्या खालच्या टोकामागे आहे. तिथून अल्नर नर्व्ह जाते.

आकडे आपोआप लक्षात राहतात. प्रौढ माणसात 206 हाडं, नवजात बाळात 300च्या आसपास. पुढे बरीच एकमेकांना जुळतात. चरकाने 360 मोजली, कारण दात आणि नखंही धरली. सुश्रुताने 300 सांगितली. पण सुश्रुतसंहितेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मृतदेह गवताने गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग थर काढत काढत डोळ्यांनी पाहावा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना नावांची धास्ती वाटते, मलाही वाटायची. नावांचे अर्थ शोधा. स्टेपीस म्हणजे रिकीब, आणि कानातलं ते सगळ्यात लहान हाड दिसतंही तसंच. पटेला (गुडघ्याची वाटी) म्हणजे छोटी ताटली, स्कॅफॉइड (मनगटातलं एक हाड) म्हणजे होडीसारखं.

बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठीची खऱ्या हाडांची पेटी, सीनियरकडून मिळाला असेल तर एवढं सांभाळा. ती हाडं कुणाच्या तरी देहातली आहेत. जमिनीवर ठेवू नका, खोलीत फोटो काढण्यासाठी मांडू नका. आणि पेटी बंद करताना मनगटाची आठही मोजा. त्यातलं पिसिफॉर्म वाटाण्याएवढं असतं, पलंगाखाली गेलं तर सापडत नाही.